आत वळत जाणारी बोटे : पहिली गाठ दिसल्यापासून काय करावे

तळहातावर, अनामिकेच्या मुळाखाली जी आडवी रेघ असते, तिच्या आसपास एक दिवस काहीतरी कठीण हाताला लागते. ते दुखत नाही, लालही होत नाही. सारखे एखादे हत्यार धरून किंवा ओझे उचलून घट्टा पडला असेल, असे समजून माणूस ते विसरून जातो. काही महिन्यांनी त्या जागेची कातडी आत ओढल्यासारखी होते, खळगी पडते, आणि मग कधीतरी खिशात हात घालताना करंगळी काठाला अडकते तेव्हा लक्षात येते, की हे बोट आता पूर्ण सरळ होत नाही. यांपैकी कोणत्याही टप्प्यावर जे आहेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे. मी डॉक्टर नाही. या विकाराबरोबर बरीच वर्षे राहिलेला आणि दोन्ही हातांवर त्याचे वेगवेगळे उपचार करून घेतलेला रुग्ण आहे. त्यामुळे हा लेख डॉक्टरांकडे जाण्याऐवजी वाचायचा नसून, जाण्यापूर्वी आणि जाऊन आल्यावर वाचायचा आहे.

या विकाराला डुपुट्रेन काँट्रॅक्चर म्हणतात. फ्रेंच सर्जन गिय्योम डुपुट्रेन यांनी १८३१ साली पॅरिसमध्ये एका मद्यव्यापाऱ्याच्या हातावर शस्त्रक्रिया करून या विकाराचे मूळ कोठे आहे ते दाखवले, म्हणून त्यांचे नाव. वास्तविक स्वित्झर्लंडमधील बाझल येथील फेलिक्स प्लाटर यांनी १६१४ सालीच अशा बोटांचे वर्णन केले होते. पण दोष बोट वाकवणाऱ्या स्नायुबंधात, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या पट्ट्यात आहे, असा त्यांचा समज होता. आपल्याकडे ‘शीर आखडली’ असे जे सहज म्हटले जाते, तो नेमका हाच समज आहे आणि चारशे वर्षांनंतरही तो गेलेला नाही.

शीर आखडलेली नसते. तळहाताची कातडी आणि तिच्या खोल असलेले स्नायुबंध यांच्या मध्ये तंतूंचे एक चिवट, त्रिकोणी आवरण असते. मनगटापासून निघून ते बोटांच्या मुळांकडे पंख्यासारखे पसरते, आणि आपण एखादी वस्तू घट्ट धरतो तेव्हा तळहाताची कातडी घसरू नये, हे त्याचे काम असते. या विकारात त्या आवरणातील काही पेशी आकुंचन पावणाऱ्या पेशींचे रूप घेतात, कोलॅजन नावाचे प्रथिन जास्त प्रमाणात तयार होऊ लागते, आधी गाठ बनते आणि पुढे त्या गाठीतून बोटाकडे जाणारी ताठ दोरी तयार होते. दोरी आखूड होत जाते तसे बोट आत येते. स्नायुबंध मात्र शाबूत असतो, म्हणूनच मूठ पूर्ण वळते आणि पकडीतला जोरही बहुधा टिकून राहतो. अडचण फक्त हात उघडण्याची असते. हे चित्र डोळ्यांसमोर पक्के ठेवावे, कारण पुढचे बहुतेक निर्णय त्यावरून समजतात.

हे तेच आहे का, हे आधी पाहावे

बोट आत वळण्याची कारणे अनेक आहेत आणि त्यांतल्या काहींत उशीर परवडत नाही. त्यासाठी घरच्या घरी चार गोष्टी तपासता येतात. पहिली, वळलेले बोट दुसऱ्या हाताने सरळ होते का? डुपुट्रेनमध्ये ते दुसऱ्या हाताने ओढूनही सरळ होत नाही, कारण दोरी अडवत असते. बोट वाकून अडकत असेल आणि दुसऱ्या हाताने सरळ केल्यावर ‘टक्’ करून सुटत असेल, तर तो ट्रिगर फिंगर नावाचा वेगळा विकार असून त्याचा उपचारही वेगळा आहे. दुसरी गोष्ट, स्पर्श नीट कळतो का? करंगळी आणि अनामिका वळलेल्या आहेत, दुसऱ्या हाताने त्या सहज सरळही होतात, पण बोटांना बधिरपणा आहे किंवा अंगठा व तर्जनी यांच्यामधला मांसल भाग खोल गेलेला दिसतो, तर दोष मज्जातंतूत असण्याची शक्यता मोठी असते. कोपराजवळ दबलेला मज्जातंतू आणि कुष्ठरोग ही त्याची दोन कारणे आहेत. दोन्हींवर उपचार आहेत आणि दोन्हींत वाट पाहिल्याने कायमचे नुकसान होते, म्हणून अशा वेळी ताबडतोब डॉक्टरांना दाखवावे.

तिसरी गोष्ट, हे हळूहळू झाले की एकाएकी? आमवातामुळे सांधे सुजलेले असताना एखादे बोट अचानक खाली पडले आणि वर उचलता येईना, तर बोट सरळ करणारा स्नायुबंध तुटलेला असू शकतो. चौथी गोष्ट, एक-दोनच बोटे वळली आहेत की सगळीच ताठरली आहेत? मधुमेहात कधी कधी हातांची कातडी जाड व मेणचट होते आणि दोन्ही तळवे एकमेकांवर टेकवले तरी बोटांमध्ये फट राहते. त्यात दोरी हाताला लागत नाही. लहानपणापासूनच करंगळीचा मधला सांधा वाकलेला असेल आणि तळहातावर गाठ नसेल, तर ती जन्मजात ठेवण असते. या चारही परीक्षांतून पार पडून तळहातावर गाठ, खळगी किंवा बोटाकडे जाणारी दोरी स्पष्ट लागत असेल, तर अनुभवी डॉक्टर बहुधा नुसत्या बोटांच्या चाचपणीने निदान करतात. एक्स-रे किंवा रक्ततपासणीची सहसा गरज पडत नाही.

हा विकार कोणाला होतो, याबद्दल थोडेसे. पन्नाशीनंतर तो वाढतो, पुरुषांत जास्त व लवकर दिसतो आणि घराण्यात चालतो. उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत तो विशेष आढळतो, पण इतरांना होत नाही असे अजिबात नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या जनुकीय अभ्यासात धोका वाढवणारी ६१ जनुकीय ठिकाणे सापडली आणि त्यांपैकी ३ निअँडरथल मानवाकडून आलेली निघाली, त्यामुळे पूर्वज नेमके किती मागचे धरायचे हा प्रश्नच आहे. मधुमेह, धूम्रपान, अतिमद्यपान आणि कंपन करणाऱ्या यंत्रांवर वर्षानुवर्षे काम यांच्याशीही त्याचा संबंध आढळला आहे. तरीही, जन्मात मद्याला न शिवलेल्या माणसाला हा विकार होतो तेव्हा आजूबाजूचे लोक ज्या नजरेने पाहतात, ती नजर मनावर घेण्याचे कारण नाही.

टेबल, पट्टी आणि वही

निदान झाले की पहिल्याच आठवड्यात एक वही करावी. माझ्या मते नवख्या रुग्णाच्या हातात असलेले सर्वांत मोलाचे काम हेच आहे, आणि बहुतेक जण ते करत नाहीत. लक्ष सगळे गाठीकडे जाते: ती किती मोठी झाली, दाबल्यावर दुखते का, दुसरी निघाली का. पण गाठीच्या आकारावरून उपचार ठरत नाही. तो सांध्याच्या कोनावरून ठरतो, आणि कोन इतका सावकाश बदलतो की रोज पाहणाऱ्याच्या तो लक्षात येत नाही.

सुरुवात टेबलाच्या चाचणीने करावी. ही चाचणी ऑस्ट्रेलियन सर्जन ह्यूस्टन यांच्या नावाने ओळखली जाते. सपाट टेबलावर तळहात पालथा ठेवून बोटांसह तो पूर्ण टेकतो का ते पाहावे. तळहात आणि सगळी बोटे एकाच वेळी टेकत असतील, तर फक्त तारीख लिहून वही मिटावी. टेकत नसतील, तर बोट टेबलापासून जिथे सर्वांत उंच राहते तेथील अंतर पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजावे. मी त्या फटीत पेन्सिल सरकवून पाहत असे. पहिल्या वर्षी पेन्सिल अडकायची, तिसऱ्या वर्षी ती आरपार जाऊन पलीकडे गडगडली, तेव्हा मला जे कळले ते आरशासमोर हात धरून कधीच कळले नव्हते.

त्यानंतर कोन. प्रत्येक बोटाला मुळाचा, मधला आणि टोकाचा असे तीन सांधे असतात; आपल्याला मुख्यतः पहिल्या दोघांशी कर्तव्य आहे. हात शक्य तेवढा उघडून बाजूने, म्हणजे करंगळीच्या कडेने, फोटो काढावा. दर वेळी अंतर, उजेड आणि हाताची ठेवण सारखी असावी. शाळेतला कोनमापक बोटाच्या पाठीवर ठेवूनही चालते. सरळ बोट म्हणजे ० अंश धरून मुळाचा सांधा किती वाकलेला राहतो आणि मधला किती, हे वेगवेगळे लिहावे. ‘बोट चाळीस अंश वाकले आहे’ अशी एकत्रित नोंद निरुपयोगी असते. त्यातले तीस मुळाशी आणि दहा मध्ये आहेत की उलट आहे, यावर सगळे अवलंबून असते. तीन-चार महिन्यांतून एकदा एवढी नोंद पुरे. दर आठवड्याला मोजत बसल्याने फक्त काळजी वाढते.

दोन सांध्यांमध्ये एवढा फरक का, हे समजून घेण्यासारखे आहे. मुळाच्या सांध्याच्या दोन्ही बाजूंचे अस्थिबंध, म्हणजे हाडाला हाड जोडणारे पट्टे, सांधा वाकलेला असताना ताणलेले असतात, त्यामुळे तो कितीही दिवस वाकलेला राहिला तरी ते आखूड होत नाहीत, आणि दोरी काढली की सांधा बहुधा सरळ होतो. मधल्या सांध्याचे उलट आहे. तो वाकलेला राहिला की त्याच्या तळाकडचे पडदे आणि अस्थिबंध त्याच स्थितीत आखडतात. मग दोरी पूर्ण काढली तरी सांधा स्वतःच अडून बसतो. म्हणून मुळाच्या सांध्याला वेळ देता येतो, मधल्याला देता येत नाही.

ज्याने उपयोग होत नाही ते सोडावे

गाठ दिसल्यापासून सल्ल्यांची कमतरता पडत नाही. मालीश करा, शेक द्या, बोट मागे ओढून ताणा, रात्री पट्टी बांधून झोपा. मीही एका ठिकाणच्या सांगण्यावरून दीड महिना रोज दोनदा बोट जोर लावून मागे ओढले. कोन तेवढाच राहिला. वाढली ती तळहाताची वेदना. दोरी ही रबरासारखी ताणून लांब होणारी वस्तू नाही, आणि नुसत्या ताणण्याने हा विकार थांबतो असा भरवशाचा पुरावा नाही. जोराच्या ओढाताणीने त्या ऊतींना डिवचले जाते, असे अनेक हँड थेरपिस्ट सांगतात. हाताची नेहमीची हालचाल चालू ठेवावी, बोटे हलकेच उघडझाप करावीत, एवढे योग्य. झुंज देऊ नये. जीवनसत्त्वांच्या गोळ्या किंवा वरून लावायची मलमे यांनी दोरी विरघळत नाही. त्यावर पैसे खर्च करण्यापेक्षा धूम्रपान सोडणे आणि मधुमेह असल्यास साखर आटोक्यात ठेवणे जास्त उपयोगाचे, कारण पुढे कधी शस्त्रक्रिया झाली तर जखम भरणे त्यावरच अवलंबून असते.

आणि स्वतः सुई, ब्लेड किंवा कात्री वापरून ती दोरी तोडण्याचा विचारही करू नये. बोटाचे मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या या दोरीच्या शेजारूनच जातात. कधी कधी दोरी त्यांना स्वतःभोवती पिळून मध्यभागी, अगदी कातडीलगत ओढून आणते. अनुभवी सर्जनलाही तेथे जपून जावे लागते.

हेही लक्षात ठेवावे, की गाठ झाली म्हणजे बोट वळणारच असे नसते. अनेकांची गाठ वर्षानुवर्षे तशीच राहते, काहींची मऊही पडते. पन्नाशीच्या आत सुरुवात, दोन्ही हातांवर गाठी, आईवडील किंवा भावंडांत हाच विकार, बोटांच्या पाठीवर सांध्यांवर उंचवटे, पायाच्या तळव्यावर गाठी, अशी लक्षणे एकत्र असतील तर मात्र विकार जोराचा असण्याची आणि उपचारांनंतर परत येण्याची शक्यता जास्त धरावी. पायाच्या तळव्यावरील गाठींना लेडरहोज विकार म्हणतात आणि पुरुषांत लिंगाला बाक आणणारा पेरोनी विकारही याच कुळातला आहे. लाजेपायी ही गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नये.

रोजचे व्यवहार

वळलेल्या बोटाचा त्रास मोठ्या कामांत कमी आणि फुटकळ कामांत जास्त होतो. तोंड धुताना ओंजळ नीट होत नाही आणि वाकलेले बोट डोळ्यात जाते. म्हणून त्या हाताने पाणी न मारता मऊ कपडा ओला करून तोंड पुसण्याची सवय लावावी. खिशात हात घालताना करंगळी अडकते. खिशात नेहमी लागणाऱ्या वस्तू दुसऱ्या बाजूला हलवाव्यात. पाच बोटांचे हातमोजे चढत नाहीत. थंडीत किंवा कामावर अंगठा वेगळा आणि चार बोटे एकत्र असलेले मोजे सोयीचे पडतात. हस्तांदोलन करताना समोरच्याच्या तळव्यात आपले बोट रुतते आणि तो दचकतो. मी पहिल्याच भेटीत ‘हे बोट असेच आहे, दुखत नाही’ असे सांगून टाकतो. तीन सेकंदांत विषय संपतो.

गाठ कोवळी असताना वस्तू घट्ट धरल्यावर ती टोचते. हत्यारे, सायकल, गाडीचे स्टिअरिंग यांच्या मुठींवर मऊ, जाडसर आवरण चढवले की पकड सैल ठेवूनही वस्तू सुटत नाही. मुठी जाड असतील तर बोटांना पूर्ण मिटावे लागत नाही, हा त्यातला दुसरा फायदा. कीबोर्डवर टाइप करताना वळलेले बोट नको त्या कळा दाबते. त्या बोटाला कामातून वगळून बाकीच्यांची मांडणी बदलायला दोन आठवडे लागतात, मग हाताला ते अंगवळणी पडते. तंतुवाद्य किंवा कळवाद्य वाजवणाऱ्यांनी मात्र इतके थांबू नये. त्यांच्यासाठी दहा अंशही पुष्कळ असतात, आणि हे डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगावे.

बोट तळहाताला टेकू लागले असेल, तर तेथील स्वच्छतेकडे दुर्लक्ष करू नये. वळीत घाम साचतो, कातडी पांढरी पडून भेगाळते, वास येतो, नख तळव्यात रुतते. रोज कोमट पाण्याने ती खाच धुवावी, कापडाची बारीक घडी आत सरकवून पूर्ण कोरडी करावी आणि नख आखूड ठेवावे. मधुमेहींनी तेथे रोज नजर टाकावी.

डॉक्टरांकडे केव्हा, आणि काय घेऊन

गाठ फक्त आहे, टेबलाची चाचणी निर्दोष आहे, तर निदानाची खात्री करून घेण्यापुरती एक भेट पुरते. मुळाचा सांधा ३० अंशांच्या आसपास वाकलेला राहू लागला, किंवा मधला सांधा थोडाही वाकलेला राहू लागला, की हाताच्या शस्त्रक्रियेचा सराव असलेल्या सर्जनला भेटावे. ते ऑर्थोपेडिक किंवा प्लास्टिक सर्जन असतात. तळहात टेकेनासा झाल्याबरोबर लगेच कापले पाहिजे असे नाही, पण त्या दिवसापासून वहीतल्या नोंदी थोड्या जवळजवळच्या तारखांना घ्याव्यात. भेटीला जाताना ती वही, आपली नेहमीची औषधे, विशेषतः रक्त पातळ करणारी, आणि ‘या बोटामुळे मला अमुक करता येत नाही’ अशी तीन-चार वाक्ये लिहून न्यावीत. रक्त पातळ करणारी औषधे स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. सर्जनला विचारण्याचे प्रश्न मी असे सुचवीन: माझ्या कोणत्या सांध्याला दोरी ओढते आहे, तुम्ही कोणते उपचार स्वतः नेहमी करता, माझ्या बाबतीत किती अंश परत मिळतील आणि किती नाही, आणि आणखी सहा महिने थांबलो तर काय गमवेन.

उपचारांतली निवड

कोणताही उपचार हा विकार मुळातून काढत नाही, हे आधी मान्य केले की निवड सोपी होते. प्रश्न एवढाच उरतो, की किती त्रास सोसून किती वर्षे सरळ बोट मिळवायचे.

सर्वांत छोटा उपचार सुईचा आहे. कातडीपुरती भूल देऊन डॉक्टर सुईच्या धारदार टोकाने दोरी दोन-चार ठिकाणी कुरतडतात आणि मग बोट ओढून ती तोडतात. भूल मुद्दामच वरवर दिलेली असते, म्हणजे सुई मज्जातंतूजवळ गेली तर रुग्णाला बोटाच्या टोकाशी झिणझिणी जाणवते. त्या क्षणी धीर दाखवून गप्प बसायचे नसते. लगेच सांगायचे असते आणि डॉक्टर सुई हलवतात. दोरी तुटताना मला ‘कट्ट’ असा आवाज स्वच्छ ऐकू आला होता, दुखले मात्र नव्हते. कधी ताणलेली कातडी फाटते, ती पट्टीखाली भरून येते. त्याच दिवशी घरी जाता येते आणि काही दिवसांत हलकी कामे सुरू होतात. मुळाच्या सांध्यावरील, कातडीखाली स्पष्ट उठून दिसणाऱ्या दोरीसाठी हा उपचार उत्तम आहे. उणीव पुनरावृत्तीची आहे: नेदरलँड्समध्ये झालेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक अभ्यासात पाच वर्षांत सुईनंतर सुमारे ८५ टक्के, तर शस्त्रक्रियेनंतर सुमारे २१ टक्के रुग्णांत बोट पुन्हा वळले. तरीही त्या अभ्यासातील निम्म्याहून थोड्या अधिक रुग्णांनी पुन्हा गरज पडल्यास सुईच निवडू असे सांगितले, आणि मला ते पटते. दर काही वर्षांनी अर्धा तास द्यावा लागणे हा काहींना फायद्याचाच सौदा वाटतो.

दुसरा उपचार कोलॅजिनेजच्या, म्हणजे कोलॅजन विरघळवणाऱ्या विकराच्या (एन्झाइमच्या) इंजेक्शनाचा. ते दोरीत टोचतात, एक ते तीन दिवसांनी भूल देऊन बोट सरळ करतात. सूज, काळेनिळे होणे आणि कातडी फाटणे हे नेहमीचे. स्नायुबंध तुटणे क्वचित. अमेरिकेत त्याला २०१० साली मान्यता मिळाली, पण २०२० च्या सुमारास उत्पादकाने ते अमेरिकेबाहेरच्या बाजारांतून व्यापारी कारणांनी काढून घेतले, म्हणून बहुतेक देशांत ते आता निवडीतच नाही.

तिसरा, आणि मधला सांधा गुंतलेला असेल तेव्हा बहुधा गाठावा लागणारा, उपचार म्हणजे शस्त्रक्रिया. तीत नागमोडी छेद घेऊन, भिंगातून पाहत, मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या वेगळ्या करत रोगट आवरण काढून टाकतात. हाताला किंवा संपूर्ण भूल दिली जाते. टाके साधारण दोन आठवड्यांनी निघतात आणि हात पूर्ववत वापरता यायला सहा ते बारा आठवडे लागतात. मज्जातंतूला इजा, जंतुसंसर्ग, ताठरपणा आणि थंडी सहन न होणे हे धोके सर्जनने समजावून सांगायला हवेत. न सांगितल्यास आपण विचारावेत. विकार जोराचा असेल किंवा पुन्हा उलटला असेल, तर वरची कातडीही काढून तेथे दुसरीकडची कातडी लावतात, कारण अशा रोपलेल्या कातडीखाली दोरी सहसा पुन्हा धरत नाही.

रेडिओथेरपीचा विचार फक्त सुरुवातीच्या, वाढत्या गाठींसाठी करतात. वळलेले बोट तिने सरळ होत नाही. तिचे पुरावे अजून मर्यादित आहेत आणि किरणोत्सर्गाचा दूरचा धोका, लहान का होईना, असतो, त्यामुळे तरुण रुग्णांनी दोनदा विचार करावा. दुखऱ्या गाठीत स्टेरॉइडचे इंजेक्शन दिल्यास ती मऊ पडू शकते. कोन सुधारण्याशी त्याचा संबंध नाही.

शस्त्रक्रियेनंतरचे सहा आठवडे

येथे रुग्णाच्या हातात पुष्कळ असते. पहिले काही दिवस हात हृदयाच्या पातळीच्या वर ठेवावा. झोपताना शेजारी दोन उशा रचून त्यावर हात ठेवला की ते जमते. सूज हीच ताठरपणाची जननी आहे. खांदा आणि कोपर पट्टीत नसतात, ते पहिल्या दिवसापासून हलवावेत. थेरपिस्ट सांगतील त्या दिवसापासून मूठ वळण्याचाही सराव करावा. सगळे लक्ष बोट सरळ करण्याकडे गेल्यामुळे मूठ वळेनाशी होते, ही चूक मी केली आणि ती निस्तरायला दोन महिने लागले. रात्रीची स्प्लिंट, म्हणजे बोट सरळ धरून ठेवणारी आधारपट्टी, सरसकट सगळ्यांना देण्याने फायदा होतो असे २०११ सालच्या ब्रिटिश अभ्यासात दिसले नाही. म्हणून ती दिली नाही तर दुर्लक्ष झाले असे समजू नये. बोट पुन्हा आत येताना दिसले, तर मात्र थेरपिस्ट ती देतात. जखम पूर्ण मिटल्यावर व्रणावर साधे मलम लावून रोज थोडा वेळ गोलाकार चोळावे. मालीश येथे, व्रणासाठी, खरोखर उपयोगी पडते.

हात फुगून चकाकू लागला, घाम किंवा रंग बदलला आणि वेदना जखमेच्या मानाने फारच तीव्र असली, किंवा बोटाचे टोक पांढरे अथवा निळे पडले, पू आला, ताप आला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी संपर्क साधावा.

टाके निघाल्यावर वहीचे नवे पान सुरू करावे आणि त्यावर सरळ झालेल्या बोटाचे दोन्ही कोन लिहावेत. पुढची सगळी तुलना या पानाशी होणार असते. त्याच वहीत शस्त्रक्रियेच्या नोंदीची प्रत जोडावी, जिच्यात कोणती दोरी काढली, मज्जातंतू कोठे सरकलेला सापडला, कातडी लावली का, हे लिहिलेले असते. पाचदहा वर्षांनी दोरी परत आली, तर व्रणाने भरलेल्या त्याच तळहातात उतरणारा सर्जन कदाचित दुसराच असेल, आणि तो पहिल्यांदा हेच कागद मागेल. दुसऱ्या हाताचीही टेबलाची चाचणी त्याच दिवशी करून टाकावी. माझ्या डाव्या हाताची पहिली नोंद उजव्याच्या पट्ट्या सुटल्या त्या सकाळची आहे: करंगळी, मुळाचा सांधा, ५ अंश.